साखरेच्या बरणीतला गाळ

खोटं तुम्ही लिहिलंत. खाली सही तुमची आहे, शिक्का तुमचा आहे, आणि "रहिवाशांनी निर्धास्तपणे घरी परतावे" हे वाक्यही तुमचंच आहे. त्यात एक आकडा तेवढा माझा. एकशे शहात्तर. तो मी माझ्या हातानं, निळ्या शाईनं तक्त्यात भरला. म्हणून आता मला गप्प बसायची सोय राहिलेली नाही.

मी कोण, हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. तुमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, माझी खोली तळाला, जिन्याखाली. तिथं मी अकरा वर्षं नदीची माती तोलते. रोज एक बाटली येते. ती दिवसभर हलवायची नाही. माती खाली बसली की वरचं पाणी नळीनं काढायचं, उरलेलं गाळणकागदातून जाऊ द्यायचं, कागद भट्टीत वाळवायचा, काचेच्या झाकणाखाली थंड करायचा आणि तोलायचा. कोऱ्या कागदाचं वजन वजा करायचं. राहिली ती माती. बहुतेक दिवस ती इतकी थोडी असते की मी शिंकले तर उडून जाईल. लिटरला चाळीस-बेचाळीस मिलिग्रॅम.

बाटली आणतात माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. पुलाच्या मधोमध पत्र्याची एक खोली आहे, तीत एक चरखी, तार, आणि तारेच्या टोकाला माशाच्या आकाराचं शिशाचं जड वजन. वजनात बाटली बसते. सकाळी आठला ती नदीत सोडायची, तळापर्यंत न्यायची, वर ओढायची, बूच लावायचं. बावीस वर्षं ते हेच करतात. गल्लीत त्यांचं नाव 'बाटली' पडलंय. शेजारणी ताईला विचारतात, "काय गं, बाटली आली का घरी?" भाऊजी त्यावर म्हणतात, "माझ्याइतका सभ्य माणूस दाखवा. रोज एकच घेतो, तीही सकाळी, तीही पाण्याची." बावीस वर्षांत हा विनोद इतका झिजलाय की आता कोणी हसत नाही, पण कोणी टाकूनही देत नाही.

आता नियम सांगते, कारण सगळं त्याच्यावर येऊन थांबतं. आलेला आकडा आधीच्या धरलेल्या आकड्याच्या दहापटीहून जास्त असेल, तर त्यावर 'शंकास्पद' असा शिक्का मारायचा आणि तो हिशेबातून वगळायचा. त्याच्या जागी आदल्या आणि पुढच्या दिवसाची सरासरी लिहायची. नियम कोणी केला मला माहीत नाही. बाटली तळाला आपटली आणि चिखलाचा गोळा आत शिरला, तर आकडा बिघडू नये म्हणून केला असणार. चांगल्याच हेतूनं. शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये असतो, डाव्या बाजूला, स्टेपलरच्या शेजारी. मी तो मारत आले. कधी विचार केला नाही. शिक्का मारताना मान वर करायची गरज पडत नाही.

मग ते वादळ आलं.

तारीख सव्वीस होती. सकाळी आठला भाऊजींनी नेहमीची बाटली घेतली. वारा होता, डोंगराकडे आभाळ काळं होतं, पण नदी स्वच्छ. ती बाटली मी नंतर तोलली: बेचाळीस. पाऊस वर डोंगरात पडत होता, आणि डोंगरातलं पाणी पुलापाशी यायला दोन तास लागतात. दहाच्या सुमाराला भाऊजी पुलावरून निघायच्या बेतात होते आणि त्यांनी खाली पाहिलं. ते मला नंतर म्हणाले, "मेहुणीबाई, बावीस वर्षं मी तिला ओळखतो. पण त्या दिवशी ती अनोळखी बाईसारखी आली. तांबडीलाल. आणि अजून पाणी वाढलेलंसुद्धा नव्हतं. पाण्याच्या आधी माती आली."

ते घरी गेले नाहीत. त्यांनी दुसरी बाटली सोडली.

नियम रोज एकीचा आहे. महिन्याच्या खोक्यात एकतीस बाटल्या मिळतात. सव्वीस तारखेला पाच उरल्या होत्या. त्या दुपारी एकपर्यंत संपल्या. पाणी आता पुलाच्या खांबांच्या खुणा एकेक करून गिळत होतं. पुलाच्या टोकाला औषधाचं दुकान आहे, त्या दुकानदारानं खोकल्याच्या औषधाच्या बारा रिकाम्या बाटल्या दिल्या. दुपारी तीनला तांबडा रंग जाऊन राखाडी आला. म्हणजे डोंगरातल्या नव्या रस्त्याची कापलेली माती वाहून गेली आणि काठ कोसळायला लागले, असं भाऊजी म्हणतात. मग पाणी वाळूनं करकरायला लागलं. चारला दुकानदाराच्या बाटल्याही संपल्या. तेव्हा भाऊजींनी चहाच्या सामानातली साखरेची बरणी घेतली, साखर वर्तमानपत्रावर ओतली, बरणी धुतली, आणि नदी तिच्यात ओतून घेतली. सगळ्या मिळून अठरा. प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून वेळ लिहिली.

आणि त्या वेळात त्यांचं स्वतःचं घर भरत होतं.

ताईचं घर खालच्या गल्लीत, बांधाला लागून. दुपारी दोनला पाणी बांधावरून आलं. ताईनं शेजारच्या म्हाताऱ्या आजीला पाठुंगळी घेऊन वरच्या मजल्यावर नेलं, मग स्वतःची पिठाची पिंपं न्यायला खाली आली, तर स्वयंपाकघरात गुडघाभर चिखल. पाणी नव्हे, चिखल. तो वाहत नव्हता, सरकत होता. तिनं पिंपं सोडली.

दुसऱ्या दिवशी ती मला जे म्हणाली, ते ती अजून सगळ्यांना सांगते. "घर बुडत होतं, आणि हा माणूस पुलावर उभा राहून नदीला बाटलीनं दूध पाजत होता!"

भाऊजी मान खाली घालून म्हणाले, "अगं, पाजत नव्हतो. काढत होतो."

"तेच ते. आणि माझी बरणी कुठाय?"

बरणी माझ्या टेबलावर होती. तळाला अर्धं बोट गाळ बसलेला. वरती पाणी चहासारखं.

आता तुमच्या कागदाकडे वळते. दुसऱ्या दिवशीची, म्हणजे सत्तावीसची, आठची बाटली नियमाप्रमाणे आली. खोक्यातल्या संपल्या होत्या, म्हणून माझ्या खोलीतल्या धुतलेल्या बाटल्या दिल्या होत्या. तोवर नदी उतरायला लागली होती. तरी आकडा निघाला तीन हजार नऊशे. बेचाळीसच्या नव्वदपट. मी ड्रॉवर उघडला, शिक्का काढला, मारला. शंकास्पद. अठ्ठावीसची आली तीनशे दहा. ती दहापटीच्या आत, म्हणून धरली. बेचाळीस आणि तीनशे दहा, भागिले दोन. एकशे शहात्तर. मी लिहिलं. पायात ताईकडचे रबरी बूट होते, सकाळभर तिच्या घरातला चिखल उपसून आले होते, बुटांतून खोलीभर पावलं उमटली होती, आणि मी लिहिलं एकशे शहात्तर. हात आपोआप चालतो. हे मी माझी बाजू मांडायला सांगत नाहीये. माझी बाजू नाहीच.

पुढचे वीस दिवस मी सकाळी ताईकडे आणि मग कामावर. ताई, भाऊजी आणि गल्लीतली सगळी घरं शाळेत राहायला गेली होती. वर्गाच्या भिंतीला बाकं रचून ठेवलेली, फळ्यावर अर्धवट पुसलेला पाढा, आणि खाली सतरंज्या. सकाळी सगळे उठून आपापल्या घरी चिखल काढायला जायचे, नोकरीवर गेल्यासारखे. फावडं, घमेलं, दार, रस्ता. फावडं, घमेलं. पहिल्या आठवड्यात बायका एकमेकींना टोमणे मारत होत्या, हसत होत्या. दुसऱ्या आठवड्यात नुसतं घमेल्याचं वाजणं ऐकू यायचं.

भाऊजी अधूनमधून थांबून चिमूटभर चिखल बोटांत चोळायचे. "हा तांबडा वरच्या रस्त्याचा. हा राखाडी मधल्या काठाचा. आणि ही वाळू, ही तर बरीच जुनी आहे. कितीतरी वर्षांपूर्वी कुठल्यातरी वादळानं वळणावर टाकून ठेवली असणार, ती आता उचलून आणली."

"मग आता संपलं ना?" मी विचारलं.

"कशाचं संपतंय? माती काय एका दमात समुद्राला जाते? थांबे घेत घेत येते. डोंगरात दरडी कोसळून ओढ्यांत पडल्यात, त्या तिथंच बसल्यात अजून. पुढचा मोठा पाऊस त्यांना खाली ढकलेल. आणि खाली पात्रात जागा कुठाय?"

ताई आतून ओरडली, "भाषण झालं असेल तर घमेलं उचला!"

एकविसाव्या दिवशी शाळेच्या दाराला तुमचा कागद लागला. मी उभ्यानं वाचला. "वादळकाळात गाळाचे प्रमाण मध्यम राहिल्याचे दैनंदिन नोंदींवरून दिसून येते. नदीपात्राच्या खोलीत लक्षणीय बदल संभवत नाही. बांधाची सध्याची उंची पुरेशी आहे. रहिवाशांनी निर्धास्तपणे घरी परतावे. शाळेच्या खोल्या येत्या शुक्रवारी सकाळी दहापर्यंत रिकाम्या कराव्यात." खाली तक्ता. बेचाळीस. एकशे शहात्तर. तीनशे दहा.

माझ्या पाठीमागे कोणीतरी म्हणालं, "चला, सुटलो बाबा एकदाचे." मी वळून पाहिलं नाही.

कामावर जाऊन मी आधी मागच्या अकरा वर्षांच्या वह्या काढल्या. शिक्के मोजले. त्रेसष्ट. प्रत्येक शिक्का वादळाच्या किंवा मोठ्या पुराच्या दिवसावर. अकरा वर्षांत नदीनं ज्या ज्या दिवशी खरं काम केलं, तो तो दिवस मी खोडला होता. उरलेले दिवस ती नुसती जात होती, तेवढेच तुमच्याकडे पोचले. बांध त्या उरलेल्या दिवसांवर बांधलाय.

मग मी भाऊजींच्या अठरा बाटल्या तोलायला घेतल्या. खोलीतल्या कपाटाखाली त्या तशाच होत्या, कोणी मागितल्या नव्हत्या. तीन दिवस लागले. गाळणकागद फाटत होते, कारण कागद चिमटीसाठी केलेला, आणि इथं ओंजळ होती. शेवटी गाळ पत्र्याच्या ताटलीत काढून वाळवला. दहाची बाटली नऊ हजार. बाराची चौदा हजार. साखरेची बरणी एकवीस हजार. बेचाळीसच्या पाचशेपट. आणि पाणी त्या वेळी रोजच्या साठपट वाहत होतं. पाचशे गुणिले साठ तुम्ही करा, तुमच्याकडे माणसं आहेत. मी एकटीनं केलं, तीनदा. त्या दीड दिवसात पुलाखालून जेवढी माती गेली, तेवढी तुमच्या वह्यांतल्या अकरा वर्षांत मिळून नाही.

आमच्या खोलीचे साहेब तुम्हाला माहीत असतील. सात महिन्यांनी निवृत्त होतायत. त्यांच्यापुढे मी कागद ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"बाई, ही बरणी म्हणजे?"

"साखरेची. बाटल्या संपल्या होत्या."

"साखरेचं वजन धरलंत की काय?"

"साखर पाण्यात विरघळते, साहेब. कागदातून निघून जाते. आणि बरणी धुतली होती."

"ते मला कळतंय हो. पण वर कोणाला सांगू? रोज एक बाटली, सकाळी आठ, प्रमाणित बाटली. तुमच्या अठरांपैकी तेरा खोकल्याच्या नाही तर साखरेच्या. उरलेल्या पाच अवेळी घेतलेल्या. तक्त्यात एका दिवसाला एकच चौकोन आहे. कुठं बसवू मी हे?"

"चौकोन वाढवा."

ते हसले. वाईट हसले नाहीत, दमून हसले. "तीस वर्षांपूर्वी मी हेच म्हणालो होतो," ते म्हणाले. "तेव्हाचे साहेब म्हणाले, लिहून द्या. मी लिहून दिलं. ते पत्र कुठंतरी असेल. गाळासारखंच, बसलं असेल खाली." मग चष्मा परत डोळ्यांवर आला. "तुम्हीही लिहून द्या. मी अडवणार नाही. सहीही करणार नाही."

मी लिहून दिलं. एकदा तुमच्या टपालात, एकदा तुमच्या टेबलाशी बसणाऱ्या माणसाच्या हातात, एकदा दारात तुम्ही गाडीत बसत असताना. तिसऱ्या वेळी तुम्ही "बघतो" म्हणालात. उत्तर एकच आलं: आपला अर्ज संबंधित शाखेकडे वर्ग करण्यात आला आहे. संबंधित शाखा म्हणजे आमची खोली. अर्ज फिरून माझ्याच टेबलावर आला. आवक क्रमांक मीच टाकला.

बुधवारी दुपारी मी भाऊजींबरोबर पुलावर गेले. उन्हं होती, नदी पुन्हा स्वच्छ, नुसती बघितली तर कोणाला खरं वाटू नये. भाऊजींच्या उजव्या खांद्याला पट्टा आहे, त्या दिवशी तार ओढून ओढून तो सुजला तो अजून उतरला नाही. म्हणून चरखी मी सोडली. कठड्यापासून तळापर्यंत तार किती जाते, ते भाऊजी आवडीनं दर महिन्याला बघतात. ते त्यांचं काम नाही. खोली मोजायची शाखा वेगळी आहे, ती पाच वर्षांनी एकदा येते. वादळाच्या आधी नऊ मीटर चाळीस होतं.

तार सैल पडली. वजन टेकलं.

"इतक्यात?" मी म्हटलं.

"वाच."

"सात दहा."

"पुन्हा सोड. दुसऱ्या खांबापाशी."

सात वीस. तिसऱ्यापाशी सहा पंच्याण्णव. भाऊजींनी तिन्ही आकडे बिस्किटाच्या पुड्यावर लिहिले आणि पुडा मला दिला. "दोन मीटरपेक्षा जास्त वर आलाय तळ. आता पूर यायला तेवढं मोठं वादळ लागणारच नाही. निम्म्या पाण्यात बांधावरून येईल." ते कठड्याला टेकले. "मी अठरा बाटल्या काढल्या, बायकोच्या शिव्या खाल्ल्या, खांदा गमावला. कशाला गं? आठची एक काढून घरी गेलो असतो तर निदान पिठाची पिंपं तरी वाचली असती."

मी तार गुंडाळली.

संध्याकाळी शाळेत गेले. ताई बोचकी बांधत होती. शेजारच्या आजी तिच्या बोचक्यावर बसून राहिल्या होत्या, कोणी ते चुकून दुसरीकडे नेऊ नये म्हणून.

"ताई, शुक्रवारी जाऊ नकोस."

"मग कुठं जाऊ? तुझ्या एका खोलीत? हे, मी, आणि आजी? आजींना सोडून तर मी येणार नाही, त्यांचं कोणी नाही."

"ये तिघं. बसू कसंतरी."

"आणि गल्लीतली बाकीची चौदा घरं? त्यांनाही बसव." तिनं गाठ ओढली. "बघ छोटी, मी दमलेय. सव्वीस दिवस फळ्याखाली झोपतेय. माझं स्वयंपाकघर मी हातांनी खरवडून काढलंय, भिंतीला नखानं खरवडलंय. मला माझ्या चुलीपुढे बसायचंय. आणि कागदावर लिहिलंय की काही भीती नाही."

"कागद चुकीचा आहे."

"तुला कसं माहीत?"

मी सांगितलं. शिक्का, ड्रॉवर, सरासरी, सगळं. बाकांच्या रांगेत उभी राहून, शिक्षा झालेल्या मुलीसारखी. तिनं मधे एकदाही टोकलं नाही. ताई ऐकून घेते तेव्हा मला भीती वाटते.

"म्हणजे एकशे शहात्तर तुझा," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"माझ्या घरात छातीइतका चिखल होता. तू तो घमेल्यानं बाहेर टाकलास, आणि तिकडे जाऊन तो कागदावरून पुसलास."

"हो."

तिनं बोचकं बाजूला सारलं. "मला हे आकडे कळत नाहीत. ह्यांना कळतात, पण ह्यांचं कोण ऐकतं. तू त्या इमारतीत बसतेस. वरच्या माणसाला विचार. तो म्हणाला जा, तर मी जाईन. तो म्हणाला नको, तर आजींना घेऊन रस्त्यावर बसेन, पण जाणार नाही. फक्त त्याच्या तोंडून येऊ दे. तुझा शब्द आता मला पुरत नाही, बाई."

आजी बोचक्यावरून म्हणाल्या, "आणि लवकर विचार. मला बसून बसून मुंग्या आल्या पायाला."

म्हणून हे लिहिते आहे. आणि हे तुमच्या टपालात टाकणार नाही, कारण तिथून ते माझ्याच टेबलावर येतं. शाळेच्या दाराला तुमचा कागद आहे, त्याच्या शेजारी चिकटवणार आहे. खाली बाकावर अठरा बाटल्या मांडणार आहे, वेळेच्या क्रमानं, दहापासून चारपर्यंत, म्हणजे लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही रंग दिसतील. ज्यांचा गाळ मी वाळवला, त्यांत तोच परत घालून पाणी ओतलंय. शेवटी साखरेची बरणी. बिस्किटाचा पुडाही लावते. माझी नोकरी जाईल तर जाऊ दे. शिक्का मात्र मी ड्रॉवरमधून काढून ह्या कागदाला दोऱ्यानं बांधते आहे, तो तुमचा तुम्ही घेऊन जा.

आज गुरुवार आहे. उद्या सकाळी दहाला खोल्या रिकाम्या करायच्या आहेत. डोंगराकडे आजही आभाळ भरलंय, भाऊजी सकाळपासून पुलावर आहेत आणि त्यांच्याकडे ह्या महिन्याच्या नऊच बाटल्या उरल्यात.

मला चौकशी नको, समिती नको, 'बघतो' नको. पंधरा घरं आहेत. एका घरात माझी बहीण आहे, शेजारच्या घरात एक म्हातारी आहे जिला पाठीवर घेतल्याशिवाय जिना चढता येत नाही. त्यांनी उद्या घरी जायचं की नाही? खाली रेघ मारून जागा सोडली आहे. हो किंवा नाही, एवढंच, तुमच्या हातानं, तुमच्या सहीनं, दहाच्या आत. लिहा.